भाऊसाहेबांनी कळविले आहे

नाशिक जिल्ह्यात सरकारी टेबलामागे बसलेल्या माणसाला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि नेमका कोण ते ठाऊक नसलं तर नुसतेच भाऊसाहेब. हे त्या शेवटच्या प्रकारातले. असतात सुरगाण्यात, पण कोणत्या कार्यालयात ते मी सांगणार नाही. तहसील, पंचायत समिती, वन, आदिवासी विकास, कुठलंही दार ढकला, ते समोर बसलेले दिसतील. शिवाय मी नाव लिहिलं तर ते चिडणारही नाहीत. ‘सदर माहिती आपणास कोणत्या अधिकारात प्राप्त झाली’ एवढंच विचारतील, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वय पन्नाशी ओलांडलेलं, शर्ट पांढरा, खिशात निळ्या शाईची दोन पेनं. हिरव्या शाईवर फार दिवसांपासून डोळा आहे, पण ती राजपत्रित अधिकाऱ्याची, आणि भाऊसाहेब आपल्या हद्दीबाहेरच्या वस्तूला हात लावत नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. ज्याला लिहिलं त्याला कळेल असंही एकही लिहिलेलं नाही.

उंबरठाणच्या अंगाला राहणारा एक म्हातारा गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढे उभा होता. हातात भाऊसाहेबांचंच पत्र. मजकूर असा : ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपला प्रस्ताव त्रुटींच्या पूर्ततेअभावी मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत असून, विहित मुदतीत फेरसादर न केल्यास आपणास काही एक म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून उचित निर्णय घेण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

‘भाऊसाहेब, जमीन मिळाली का?’

‘तसं म्हणता येणार नाही.’

‘मंग नाय मिळाली?’

‘तसंही म्हणता येणार नाही.’

‘मंग मी काय करू?’

‘पत्रात दिलंय ना सगळं.’

म्हाताऱ्याने पत्र उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. ती पाहून त्याला जरा धीर आला असावा, कारण तेवढी त्याला पूर्ण समजली.

बाहेर पडल्यावर तो जिथे गेला तिथेच सगळे जातात. कार्यालयांच्या समोर झेरॉक्सची दुकानं असतात, आणि त्यातल्या एका दुकानात बारावी झालेला एक पोरगा बसतो. त्याने पत्र एका नजरेत वाचलं आणि म्हणाला, ‘बाबा, ग्रामसभेच्या ठरावावर तारीख नाही. ग्रामसेवकाकडून तारीख घालून सही-शिक्क्याची नवी नक्कल आणा. झेरॉक्स दोन काढा, एकीवर पोच घ्या.’ माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाला जनमाहिती अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं. तालुक्याच्या खऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच फलकावर नाही. तो पानामागे दोन रुपये घेतो आणि अर्थ फुकट सांगतो.

आता ‘ठरावावर तारीख नाही’ ही तीन शब्दांची गोष्ट भाऊसाहेबांनी पत्रात का लिहिली नाही? मी एकदा विचारलं. ते खरोखर चकित झाले. ‘त्रुटी असं लिहिलंय की,’ म्हणाले. ‘कोणती त्रुटी?’ ‘ती प्रस्तावात आहे. प्रस्ताव परत दिलाय. त्याच्याकडेच आहे त्रुटी.’

पंधरा दिवसांनी म्हातारा तारखेचा ठराव घेऊन आला, तेव्हा दुसरं पत्र निघालं. आता नकाशावर वनहक्क समितीच्या अध्यक्षाची सही नव्हती. ती आणली, तेव्हा तिसरं. मी भाऊसाहेबांना म्हटलं, तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच दिसत होत्या, एकदम सांगितल्या असत्या तर त्याचे जीपचे दोन हेलपाटे वाचले असते. ते मान हलवत राहिले. एखाद्या अडाण्याला नियम समजावून सांगावा तशा स्वरात म्हणाले, ‘पहिली त्रुटी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उद्भवत नाही.’

हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. शहरात राहणारे हसले. सुरगाण्यातले हसले नाहीत. त्यांना ते माहीतच होतं.

मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९२० साली वारला. सुरगाण्याला तो कधी आला असणं शक्य नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ग्रंथात भाऊसाहेबांचं वर्णन आहे. तर्कावर रचलेली संस्था कशी चालते? नियमाने, लेखी कागदाने, पदांच्या उतरंडीने, माणूस कोण हे न बघता, राग-लोभ न धरता. भाऊसाहेब यात चपखल बसतात. त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतलेला नाही, आणि कुणाला बसाही म्हटलेलं नाही. वेबरने आणखी एक गोष्ट हेरली होती : असली संस्था आपल्याजवळची माहिती झाकून ठेवते, कारण तिचं वजन त्या झाकण्यात असतं. इथे मात्र वेबर थोडा चुकला असं मला वाटतं. भाऊसाहेब काहीच झाकत नाहीत. सगळं लिहून, जावक क्रमांक टाकून, टपालाने पाठवून देतात, आणि तरीही ते झाकलेलंच राहतं. ही कला बर्लिनमध्ये होती की नाही कोण जाणे.

दुसरा जर्मन, हॅबरमास. त्याने बोलण्याचं नीतिशास्त्र मांडलं. माणूस जेव्हा समोरच्याशी काही बोलतो तेव्हा नकळत चार हमी देतो, असं त्याचं म्हणणं : मी बोलतोय ते तुला समजेल असं आहे, ते खरं आहे, ते बोलणं इथे उचित आहे, आणि मी मनापासून बोलतोय. भाऊसाहेबांना मी या कसोटीवर लावून पाहिलं. खरं? शंभर टक्के. उचित? ‘उचित’ हा तर त्यांचा लाडका शब्द, पत्रागणिक दोनदा येतो. मनापासून? निःसंशय, अनुस्वार चुकला तर ते पान फाडून नव्याने टाईप करतात. राहिलं ‘समजेल असं’. तिथे भोपळा. पण चारात तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के झाले, आणि आपल्याकडे पंच्याहत्तर टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हणतात.

गंमत अशी की भाऊसाहेबांना समजेल असं बोलता येत नाही असं मुळीच नाही. ते याच तालुक्यातले, कोकणा समाजातले, आणि घरात कोकणी बोलत वाढलेले. (ही कोकणी गोव्याची नव्हे, डांगाकडची, गुजरातीशी सोयरीक असलेली.) आठवडे बाजारात नागलीचा भाव करताना ऐका त्यांना. काय लाघव, काय टोमणे, आणि एका वाक्यात व्यवहार पक्का. डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत पावरी वाजायला लागली की पाय आपोआप हलतात. पण सकाळी पावणेदहाला खुर्चीवर बसले की ही भाषा हजेरीपटाच्या अलीकडे राहते. समोर चुलतभाऊ आला तरी त्याला ‘अर्जदार’ म्हणतात. चुलतभाऊही मग दचकून ‘मेहेरबान साहेब’ म्हणतो. दोघे एकाच झाडावरून पडून हात मोडून घेतलेले, आणि आता एकमेकांना संदर्भ क्रमांक विचारतात.

त्यांच्या सत्यप्रियतेचा एक नमुना सांगतो. आदिवासी भागात नोकरी करणाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, आणि कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं असंही सरकारचं म्हणणं असतं. भाऊसाहेबांचं बिऱ्हाड मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला. रोज वणीमार्गे एसटीने येतात-जातात. ‘मी मुख्यालयी राहतो’ या दाखल्यावर मात्र त्यांची सही दरवर्षी वेळेवर असते. मी भुवया उंचावल्या तेव्हा त्यांनी मला सुरगाण्यातली भाड्याची खोली दाखवली. आत एक गादी, एक घागर, एक कॅलेंडर. ‘भाडं भरतो. पावती आहे. वीजबिल माझ्या नावाने. आता राहणं म्हणजे आणखी काय?’ खोटं कुठे सापडेना. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, पण दाखल्याच्या नमुन्यात प्लास्टिकसाठी रकाना नाही.

कायद्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे. शासकीय कामातल्या विलंबाला आळा घालायला महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर नस्ती कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं त्यात आहे. भाऊसाहेबांच्या टेबलावर ती कधीच राहत नाही. सहाव्या दिवशी ती ‘अभिप्रायार्थ’ पलीकडच्या टेबलावर जाते. पलीकडचेही कायदा पाळणारे, त्यांच्याकडून सहाव्या दिवशी ‘स्वयंस्पष्ट अभिप्रायासह’ परत येते. अशी ती कार्यालयात फिरत राहते, कुठेच अडत नाही आणि कुठेच पोचत नाही. दप्तराचे सहा गठ्ठे करायची पद्धत आली तेव्हा भाऊसाहेबांनी सर्वांत आधी केले. त्यांत ‘प्रतीक्षाधीन’ नावाचा एक गठ्ठा असतो, म्हणजे ज्या प्रकरणात दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहिली जाते. त्यांचा सर्वांत जाड गठ्ठा हाच. एकदा असं निघालं की तेच प्रकरण त्या दुसऱ्या कार्यालयातही प्रतीक्षाधीन आहे. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, मध्ये एक जिना. भाऊसाहेब जिना चढून विचारू शकले असते. पण जिन्याला जावक क्रमांक नसतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज आला की त्यांना स्फुरण चढतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेलं आहे का, मजकूर दीडशे शब्दांत आहे का, विषय एकच आहे का. महाराष्ट्राने २०१२ साली ही शब्दमर्यादा आणली. मागणाऱ्याला दीडशे शब्द. देणाऱ्याला मर्यादा नाही. रस्त्याचं काम कधी सुरू होणार, असं एका पोराने चार ओळींत विचारलं. तिसाव्या दिवशी त्याला एकशे चाळीस पानांचं उत्तर मिळालं, त्यात जलसंधारणाचे तीन जुने शासन निर्णयही होते. तिसावा दिवस का? कारण एकतिसाव्या दिवसापासून माहिती आयुक्त दिवसाला २५० रुपये, आणि एकूण २५,००० पर्यंत दंड लावू शकतात. न सांगण्याबद्दल सरकारी माणसाला खिशातून पैसे भरावे लागण्याची ही जवळपास एकमेव जागा. म्हणून तिथे भाऊसाहेब वेळेवर असतात.

इथे त्यांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती त्यांनी स्वतः कधी मांडलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीला भाऊसाहेब बोलायचे. एका बाईला त्यांनी सांगितलं होतं, ‘मावशी, तुमचं काम झालंय, पुढच्या आठवड्यात कागद मिळेल.’ आणि ते खरंच झालं होतं. पण त्या आठवड्यात साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी यादी पुन्हा मागवली, मावशीने दारात येऊन भाऊसाहेबांचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी हातात कारणे दाखवा नोटीस : सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय तोंडी आश्वासन का दिलं, चोवीस तासांत खुलासा करा. १९७९ च्या वर्तणूक नियमांत अधिकार नसताना माहिती देण्याला मनाई आहे, हे त्यांना त्या दिवशी पाठ झालं. न कळेल असं लिहिल्याबद्दल कुणाला नोटीस निघाल्याचं त्यांनी आजवर ऐकलेलं नाही. मीही ऐकलेलं नाही. ज्या घरात बोलणाऱ्याला मार आणि गप्प बसणाऱ्याला बढती, तिथे पोर काय शिकणार? भाऊसाहेब हुशार होते, एका नोटिशीत शिकले. अव्वल कारकून झाले.

सुरगाणा हे एके काळी छोटं संस्थान होतं, देशमुखांचं. १९४८ साली विलीन झालं. तेव्हाची माणसं दरबारात जायची, आणि देशमुखांच्या मनात नसलं तर ‘नाही’ ऐकून संध्याकाळी घरी यायची. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. राजाच्या ‘नाही’वर अपील नव्हतं आणि त्याच्या ‘हो’लाही नियम नव्हता. तरी ‘नाही’ हे दोन अक्षरी उत्तर तेव्हा मिळायचं, एवढं खरं. भाऊसाहेबांच्या कार्यालयात अपील आहे, मुदत आहे, नियम आहे. फक्त ज्यावर अपील करायचं ते ‘नाही’ सापडत नाही.

ते शोधायला या तालुक्यातली माणसं मुंबईपर्यंत चालत गेली. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची आदिवासी माणसं हजारोंनी होती. सुमारे १८० किलोमीटर. कसत असलेल्या वनजमिनी नावावर करा, ही मोठी मागणी. १२ तारखेला ती माणसं आझाद मैदानात पोचली. दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून पोरांना सकाळी रस्ता मोकळा मिळावा यासाठी शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. पायाला फोड आलेल्या माणसांना असं करा म्हणून कुणी परिपत्रक काढलेलं नव्हतं. तिथे सरकारने त्यांना लेखी आश्वासन दिलं. २०१९ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा निघाले, २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा. भाऊसाहेबांना मी या तिन्ही मोर्चांबद्दल विचारलं. सहानुभूतीने म्हणाले, ‘रीतसर आहे. २०१८ चं मूळ पत्र. नंतरची दोन स्मरणपत्रं.’

२०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी रस्ते-पाणी-दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला, अशी मागणी केली. पेपरांत गाजलं, मंत्र्यांना बोलावं लागलं. भाऊसाहेबांची चिंता वेगळी होती. हे प्रकरण आवकला कोणत्या शाखेवर चढवायचं? महसूल, निवडणूक, की आस्थापना? आणि गावं खरंच गेली तर त्यांच्या प्रलंबित त्रुटी कोण पूर्ण करणार? सीमेवरच्या त्या गावांत उभं राहिलं की मोबाईलवर गुजरातेत स्वागत असल्याचा संदेश येतो. नार आणि पार इथल्या डोंगरात उगम पावतात आणि पाणी घेऊन तिकडेच जातात. पावसाळ्यात धो धो, आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी. त्या स्वागताच्या संदेशाबद्दल भाऊसाहेब म्हणाले, ‘स्पष्ट आहे मजकूर. पण जावक क्रमांक नाही. ग्राह्य धरता येत नाही.’

मोबाईलवरून आठवलं. आता बरेचसे आदेश रात्री दहाला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात. खाली ओळीने ‘नोटेड सर’, ‘ओके सर’, आणि जोडलेले हात. भाऊसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणालाही पोच घेतल्याशिवाय कागद दिलेला नाही; सही येत नसेल तर अंगठा, अंगठ्याखाली नाव, नावाखाली तारीख. त्यांनी स्वतःच्या फोनवरच्या निळ्या खुणा मात्र बंद करून ठेवल्या आहेत.

वनहक्काच्या नियमांत २०१२ साली एक दुरुस्ती झाली. दावा नामंजूर झाला तर ते दावेदाराला स्वतः कारणांसह कळवलं पाहिजे, म्हणजे त्याला साठ दिवसांत वर दाद मागता येईल. कुणीतरी समजूतदार माणसाने हे लिहिलं असावं. गेल्या पावसाळ्याच्या आधी अशाच नामंजूर दाव्यांच्या एका यादीसाठी भाऊसाहेबांना बाऱ्ह्याकडच्या एका गावात जावं लागलं. मी बरोबर होतो. शाळेच्या पडवीत ग्रामसभा, लोक भिंतीला टेकून. भाऊसाहेबांनी चष्मा लावून सतरा नावं वाचली, प्रत्येकापुढे ‘पुराव्याअभावी अमान्य करण्यात येत आहे’. लोक शांतपणे ऐकत होते. यादी संपली तरी ऐकतच होते. त्यांना वाटत होतं, आता पुढे काय झालं ते सांगतील.

मग एक म्हातारी उठली. कोकणीत विचारलं, माझ्या नवऱ्याचं नाव वाचलंस, म्हणजे झालं ना आमचं?

भाऊसाहेबांनी यादीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, आणि कोकणीत बोलायला लागले. नाही झालं, म्हणाले. तू २००५ च्या आधीपासून ती जमीन कसतेस हे दाखवणारं दुसरं काही कागदांत नव्हतं. पण कागदच लागतो असं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, बांधावरची जुनी आंब्याची झाडं चालतात, पूर्वी वनखात्याने दंड केला असेल तर ती पावती सोन्याची. ती शोध. आजपासून साठ दिवस. त्यानंतर कुणी ऐकणार नाही. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने. सतराही जणांची कारणं त्यांना तोंडपाठ होती. पाऊण तास हे चाललं. पडवीत एकदोनदा हशासुद्धा झाला.

परतताना जीपपाशी ते अस्वस्थ दिसले. ग्रामसेवकाला बाजूला घेतलं.

‘इतिवृत्तात ते घेऊ नका.’

‘कोणतं, साहेब?’

‘शेवटी मी जे बोललो ते.’

‘मग काय लिहू?’

भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला. ‘लिहा, सर्व दावेदारांना निर्णयाबाबत अवगत करण्यात आले.’

ग्रामसेवक म्हणाला, ‘साहेब, ते मी सकाळीच लिहून आणलंय.’